काळ्या-केशरी तारा, नोंद ३: २४ पिनची केबल एकदाची झाली

माझ्या कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याच्या केबली काळ्या-केशरी स्लीव्हमध्ये (तारेवरच्या विणलेल्या वेष्टणात) घरीच बनवतोय. पंधरा दिवसांत सगळा सेट उरकतो म्हणालो होतो. महिना उलटला आणि झालीय फक्त मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनची केबल. सीपीयूची ८ पिनची आणि ग्राफिक्स कार्डाच्या दोन अजून मूळच्याच, काळ्या चपट्या. उशीर झाला तो जुन्या केबलमुळे. तेच आधी सांगतो, कारण ते महागात पडलं असतं.

मधे पीएसयू, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, बदलला. ६५० वॉटचा जाऊन ८५० वॉटचा आला, कंपनी तीच, मालिका वेगळी. जुन्यासाठी मीच स्लीव्ह केलेली साटाची (डिस्कला वीज देणारी) केबल कपाटात पडून होती. नव्या पीएसयूत ती टकदिशी बसली, लॅचही (अडकवायचा खटका) लागली. एसएसडी जोडणार तेवढ्यात मनात पाल चुकचुकली, म्हणून नुसती केबल ठेवून मीटर लावला. ज्या पिनांवर ५ व्होल्ट हवेत तिथे १२! एसएसडी जागच्या जागी गेली असती, आणि तिच्यात भाचीच्या बारशाचे फोटो आहेत. बहिणीला काय तोंड दाखवलं असतं?

मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, साटा यांच्याकडच्या टोकांच्या पिना ठरलेल्या असतात. पण मॉड्युलर (पीएसयूतून काढता-घालता येणाऱ्या) केबलचं पीएसयूकडचं टोक कंपनीच्या मर्जीवर असतं आणि एकाच कंपनीत मालिकेगणिक बदलू शकतं. तेव्हा दुसऱ्या पीएसयूची केबल बसते एवढ्यावर जाऊ नका. एवढी उठाठेव नको असेल तर मूळ केबल तशाच ठेवून पुढे एक्स्टेंशन जोडा. ती दोन्हीकडून ठरलेल्या पिनांची असते.

मी हट्टी. म्हणून चौकटीच्या वहीत नकाशा काढला. माझ्या पीएसयूकडे ही केबल १८ आणि १० पिनांच्या दोन कनेक्टरांत फुटते, म्हणजे तिकडे २८ जागा. मदरबोर्डकडे २४, त्यातली विसावी रिकामी. काही पिनांत दोन-दोन तारा क्रिंप केलेल्या (धातूच्या टर्मिनलात दाबून बसवलेल्या), ३.३ व्होल्टच्या तेराव्या पिनेतली जास्तीची बारीक तार सेन्सची (पीएसयूला तिथलं व्होल्टेज कळवणारी), ती गाळायची नाही. मूळ केबल सोडवून एकेक पिन मीटरच्या बीपवर तपासली; जोड असला की तो वाजतो. पहिला नकाशा अख्खा उलटा निघाला, कारण एक टोक मी पिनांच्या बाजूनं पाहिलं होतं आणि दुसरं तारांच्या बाजूनं. आता वहीत वरच ठळक लिहिलंय: ‘लॅच वर, पिना माझ्याकडे’.

तार १८ गेज जाडीची, पुण्याच्या तापकीर गल्लीतून. पहिल्या दुकानात दाखवलेली तार पात्यानं खरवडली तर आतून पांढरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती परत केली. शुद्ध तांब्याला भाव दीडपट लागला, पण इथे काटकसर नको.

क्रिंपिंगमध्ये पहिल्या दहा टर्मिनलांचं वाटोळं केलं. टर्मिनलला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची उघड्या तांब्यावर, मागची प्लॅस्टिकवर. तार साधारण तीन मिलिमीटर सोलायची. जास्त सोललं की मागची जोडीही तांब्यावरच बसते आणि वाकवल्यावर तार तिथेच तुटते. पक्कड वापरू नका, त्याचंच क्रिंपर घ्या. आणि मीटरच्या बीपवर विसंबू नका. दोनच धागे टेकले तरी बीप वाजतो, लोड आल्यावर मात्र तोच जोड तापतो. म्हणून प्रत्येक क्रिंप हातानं सणकून ओढायचा. माझे तीन सुटून आले. घरी आले हे नशीब.

स्लीव्हला पॅराकॉर्ड (नायलॉनची विणलेली दोरी) घेतली, ४ मिलिमीटरची. आतले धागे ओढून काढायचे आणि अळी सरकते तशी दोरी तारेवर चढवत न्यायची. टोकं लायटरनं जेमतेम वितळवायची. केशरी रंगाला ज्योत जास्त लागली की तपकिरी डाग पडतो, काळ्यात सगळं खपतं. दोन्ही टोकांच्या जागा वेगळ्या असल्यानं तारा मधे एकमेकींना ओलांडतातच; ती गुंतागुंत मी पीएसयूच्या तोंडाशी कोंबली, म्हणजे झाकणाआड जाते. स्लीव्ह चढल्यावर पिवळी कोणती, लाल कोणती काही कळत नाही, म्हणून प्रत्येक टोकाला नंबराची कागदी पट्टी. ती विसरलात तर पुन्हा बीप-बीप.

चाचणी अशी. आधी पीएसयूबाहेर: वहीप्रमाणे प्रत्येक जोड, आणि शेजारच्या पिनांशी नको तिथे बीप येत नाही ना. मग पीएसयूला केबल आणि एक जुना पंखा, बाकी काही नाही. हिरव्याची म्हणजे सोळावी पिन जमिनीच्या (ग्राउंडच्या) पिनेला जोडली की पीएसयू सुरू होतो. मीटरवर १२.०८, ५.०२, ३.३१ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे खूश. निळ्याच्या जागी उणे बारा, तेही बरोबर. मगच मदरबोर्ड. तासभर गेम चालवून कनेक्टरला हात लावला, कोमटही नव्हता.

एक सांगायचं राहिलं: पीएसयूचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरात तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. आपलं काम बाहेरच्या सॉकेटपर्यंतच.

आता सीपीयूची केबल. तिच्यात आणि ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनमध्ये १२ व्होल्ट आणि जमीन उलटसुलट बाजूंना असतात, म्हणून दोन्ही एका बैठकीत करणार नाही. शिवाय २४ पिनमधली डावीकडून सातवी तार कोंबातून (तारा रांगेत धरणाऱ्या कंगव्यातून) किंचित वर आलीय. मला ती रोज दिसते. बायको म्हणते, तुलाच दिसते.