वेल्वेटची बंडी, चौथा रविवार: एक बाजू गडद, एक फिकी

मंडळी, मागच्या रविवारी मी ऐटीत लिहिलं होतं की बेतून झालंय, आता काय, शिवायचंच बाकी. तर शब्द मागे घेते. उजवा पुढचा भाग उलटा बेतला गेलाय.

नवीन आलेल्यांसाठी: आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात भाच्याला राजपुत्राचं काम मिळालंय, ड्रेपरीवाल्याची, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याची, बंडी त्याला गुडघ्यापर्यंत येत होती, म्हणून मी हौसेने म्हटलं मी शिवते. आजवरची माझी कमाई म्हणजे उशांचे अभ्रे, दोन फ्रॉक नि एक परकर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मरून वेल्वेट आणलं, पॉलिस्टरचं, पन्हा ४४ इंची, सव्वा मीटर. दीड घ्यायला हवं होतं हे आता कळतंय, कारण वेल्वेटचे सगळे भाग एकाच दिशेने ठेवायचे, साध्या कापडासारखा एक सरळ एक उलटा ठेवून जागा वाचवायची नाही. मी नेमकी तीच वाचवली.

घरात ट्यूबलाइटखाली काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. सकाळी दोन्ही भाग घेऊन बाल्कांवात, म्हणजे दारासमोरच्या ओसरीवर, बसले, तिरकं ऊन पडलं नि एक भाग वाईनसारखा गडद, दुसरा धुतल्यासारखा फिका, चकाकणारा. कापड तेच, तागा तोच! हात फिरवून बघा, मांजराच्या पाठीसारखं आहे, एकीकडे गुळगुळीत जातो, दुसरीकडे अडतो. ही वेल्वेटची लव, म्हणजे वरचे बारीक केस, खाली वळलेली असली की उजेड परत फिरतो नि रंग फिका दिसतो, वर वळलेली असली की आपली नजर लवेच्या मुळाशी जाते नि रंग खोल दिसतो. स्टेजसाठी मला गडदच हवा, म्हणजे लव वर. आता प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढते, आणि कापड दुमडून न कापता एकेरी, उलटी बाजू वर ठेवून कापते.

शुक्रवारी परत म्हापसा. नशीब, तोच तागा शिल्लक होता, अर्धा मीटर आणलं.

मग शिवण. इथे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. वेल्वेटच्या दोन सुलट्या बाजू समोरासमोर आल्या की दोन ब्रश एकमेकांत घुसवल्यासारखं होतं, खालचं कापड मशीनचे दात ओढतात, वरचं फुटाखाली (सुईजवळ कापड दाबून धरणारा तो पाय) लवेवरून घसरत जातं. चिंधीवर १६ इंचांची सरळ शिलाई मारली, फक्त टाचण्या लावून, तर शेवटी वरचा थर अर्धा इंच बाहेर! वर टाचण्यांचे डाग राहिले ते वेगळेच. आता टाचणी फक्त मार्जिनमध्ये, म्हणजे शिलाईच्या बाहेरच्या कडेत.

दुसऱ्या चिंधीला शिलाईच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी हाताने कच्चे टाके घातले, जवळजवळ. आईच्या काळ्या मशीनवर फुटाच्या दांड्याच्या डोक्यावर जो स्क्रू असतो तो दोन फेरे सैल केला, सुई १४ नंबर, टाका मोठा, आणि दर दोन-तीन इंचांनी सुई खाली ठेवून फूट उचलायचा, कापडाला श्वास घेऊ द्यायचा, परत खाली. दिशा लवेसोबत, म्हणजे माझ्या बंडीला खालून वर. घसरण जेमतेम एका दोऱ्याइतकी. कच्चे टाके घालायला पाऊण तास आणि मशीन चालवायला चार मिनिटं, पण उसवण्यापेक्षा बरं, कारण वेल्वेट उसवलं की भोकांची रांग दिसते.

आणि तो भुसा! कापलेल्या कडेतून लव इतकी गळते की पंखा लावता येत नाही, ऑक्टोबरची उकड, घाम, त्यावर मरून केस चिकटलेले, आई म्हणाली दशावतारात तूच उभी राहा. दर दोन शिलायांनंतर बॉबीन केस काढून जुन्या टूथब्रशने साफ करतेय, नाहीतर दोरा गुंततो.

इस्त्री: एका तुकड्यावर वरून दाबली, तर टोकाचा ठसा कायमचा बसलाय, तो तुकडा आठवण म्हणून ठेवलाय. आता खाली उरलेलंच वेल्वेट लव वर करून पसरते, त्यावर बंडी सुलटी बाजू खाली, आणि इस्त्री न टेकवता फक्त वाफ, मग शिलाई बोटाने दाबायची. याच कारणाने कॉलरचं बकरम (कडक ठेवणारं कापड) वेल्वेटला न चिकटवता अस्तराला लावलं. अस्तर पॉपलीनचं, सुती. सॅटिन छान दिसलं असतं पण गोव्यात स्टेजच्या दिव्यांखाली पोरगं उकडून निघेल.

आजची स्थिती: खांदे, बाजू झाल्या, मुंढे (बाहीच्या जागची गोलाई) राहिलेत. काजं करायची माझी हिंमत नाही, त्यामुळे दोरीचे लूप नि कापडी बटणं. काल भाच्याला घालून बघितली, आरशासमोर दोन डायलॉग मारले, मग मान वाकडी करून म्हणतो, आत्या, कॉलर गुदगुल्या करते गं. गळ्याच्या आतून पॉपलीनची पट्टी लावतेय, पुढच्या रविवारपर्यंत.