तुम्ही विचारलंत म्हणून: घोड्याला पळायला आवडतं का?

लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच हा प्रश्न विचारलाय. जुन्या अमेरिकन घोड्यांबद्दल एवढं बोलता, मग खरं सांगा, त्यांना पळायला आवडतं की आपण त्यांना पळवतो? विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं. ‘पळवतो’ म्हटलं की त्याचं समाधान होतं, ‘आवडतं’ म्हटलं की मी जुगाऱ्यांची वकील. मी पैसे लावत नाही. हे सांगितलं की लोक जास्तच संशयाने बघतात.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: सेक्रेटेरिएट नावाचा घोडा. ९ जून १९७३ ची न्यूयॉर्कमधली बेलमाँट स्टेक्स शर्यत. दीड मैल, २ मिनिटं २४ सेकंद, दुसरा घोडा ३१ लेंग्थ, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतका मागे. ती फिल्म तुम्ही पाहिलीच असेल. जॉकी रॉन टर्कॉट चाबूक उगारत नाही. शर्यत केव्हाच जिंकून झालेली, आणि तो मान वळवून मैदानातलं घड्याळ बघतोय. त्याआधीच्या केंटकी डर्बीत तर या घोड्याने सव्वा मैलातला प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात कापला होता. मी मोठ्या तोऱ्यात विचारायचे, सांगा, याला कोण पळवतंय?

आता त्या तोऱ्यातल्या बाईला मी विचारते, आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या शॅम या घोड्याचं काय? डर्बीत शर्यत सुटते त्या गेटवर आपटून शॅमचे दोन दात गेले, तरी तो अडीच लेंग्थने दुसरा आला. डर्बीनंतरच्या प्रीकनेस शर्यतीत पुन्हा दुसरा. बेलमाँटला पहिला अर्धा मैल सेक्रेटेरिएटच्या बरोबरीने धावला आणि मग असा दमला की पाचांत शेवटचा आला. ती त्याची शेवटची शर्यत. त्यालाही आवडतच होतं का? फिल्म बघताना शॅमकडे कोणी बघत नाही. मीही बघत नव्हते.

पण माझी खरी पंचाईत रफियनने केली.

जवळजवळ काळीच म्हणावी अशी घोडी. दहा शर्यती, दहा विजय, आणि जिथे जिथे क्रमांकाची नोंद होते त्या प्रत्येक टप्प्यावर तीच पुढे. ६ जुलै १९७५ ला बेलमाँटलाच तिची आणि त्या वर्षीचा डर्बीविजेता फूलिश प्लेझरची जोड लावली. दोघंच, सव्वा मैल. टेनिसमध्ये बिली जीन किंग या बाईने बॉबी रिग्ज या पुरुषाला हरवून दोन वर्षं झाली नव्हती, त्यामुळे इथेही बाई विरुद्ध पुरुष असा गाजावाजा. हासिंतो वास्केझ दोघांचाही नेहमीचा जॉकी. त्याने घोडी निवडली.

निघताना तिचा खांदा गेटला धडकला. तरी पहिला पाव मैल सव्वाबावीस सेकंदांच्या आत, आणि ती किंचित पुढे. मग दोन्ही जॉकींना ऐकू जाईल असा कडकन आवाज झाला. उजव्या पुढच्या पायात, खुराच्या वरच्या सांध्यामागची दोन बारकी हाडं फुटली होती. वास्केझने लगाम खेचला. ती थांबेना. मोडलेल्या पायावर तशीच पळत राहिली, कातडी फाटली, जखमेत ट्रॅकची वाळू भरली. फूलिश प्लेझरने उरलेलं अंतर एकट्याने कापलं.

त्या रात्री शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर घातलं. भूल उतरू लागली आणि आडव्या पडलेल्या घोडीने पाय चालवायला सुरुवात केली. ती पळत होती. माणसं अंगावर पडून तिला धरत होती, ती कुणाला आवरेना. प्लास्टर कोपरावर आपटत राहिलं, कोपर फुटलं. उजाडायच्या आत तिला मारावं लागलं.

रेसवाले म्हणतात, ती अर्धी राहिलेली शर्यत पुरी करत होती. हे वाक्य मीही पुष्कळदा वापरलंय, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझी एक पशुवैद्य मैत्रीण मात्र तोंडावर म्हणाली, ‘‘अगं, भुलेतून उठताना कितीतरी घोडे असेच झटापट करतात. जमिनीवर पडलेला घोडा म्हणजे शिकार. त्याला फक्त उठून पळायचं असतं. तिला कसली शर्यत आठवतेय!’’ मी चिडले, कारण मला प्रत्युत्तर सुचेना. पुढे २००६ मध्ये बार्बारो या घोड्याचा पाय प्रीकनेसमध्ये मोडला, तेव्हा त्याला शुद्धीवर आणलं ते पाण्याच्या हौदात, रबरी तराफ्यावर. पाय मारले तरी ते आपटू नयेत म्हणून.

म्हणजे सगळं भीतीपोटीच? तसंही मला मान्य नाही. कुरणात आई शांतपणे चरत असते आणि शिंगरू उगाचच एक फेरी मारून येतं, तेव्हा त्याच्या मागे कुठला लांडगा असतो? शिंगरू डोळ्यांनी बघितलेली माणसं हा प्रश्न फारशी विचारत नाहीत, हेही सांगून ठेवते.

तरीही आवडीनिवडीच्या या वादात एक गोष्ट सोयीस्करपणे मागे राहते: हाडं. रफियनचा बाप रिव्ह्यूअर, त्याचे स्वतःचे पाय पुन्हापुन्हा मोडले होते. तिचाही मागचा पाय दोन वर्षांची असतानाच तडकला होता. बोल्ड रूलर सेक्रेटेरिएटचा बाप आणि रफियनचा आजोबा, म्हणजे जो वेग मला एवढा आवडतो तो त्याच रक्तातून आलेला. अंगात वेग ठासून भरला, हाडं मात्र कुणी मनावर घेतली नाहीत. घोडीला पळायला आवडत असेल, अगदी जिवापाड आवडत असेल, तरी तो पाय निवडला माणसांनी, ते अंतर ठरवलं माणसांनी आणि ती जोड लावली टीव्हीसाठी. तिची आवड माझ्या सुटकेसाठी वापरायची नाही, एवढं मी अलीकडे पाळते. आणि म्हणून बघायचं सोडलं का, तर नाही.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते. मी जाणार आहे. तुम्हीही या, शेजारी बसा, हाच प्रश्न पुन्हा विचारा. फक्त शेवटच्या वळणावर घोडे आले की तुम्ही खुर्चीतून उठून उभे का राहिलात, ते आधी मला सांगा.