अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन

रात्रपाळीत पोट धरून आलेला माणूस खाटेवर टेकायच्या आत सांगतो, "मॅडम, अ‍ॅसिडिटी झालीय, इंजेक्शनच द्या." मी आधी ईसीजी काढायला लावते. तो वैतागतो, बरोबरचे नातेवाईक त्याहून जास्त. वैतागू देत. हार्ट अटॅक कधीकधी नुसती पोटात जळजळ होऊनही येतो, विशेषतः मधुमेह असलेल्यांना आणि वयस्करांना.

धोक्याचं काही दिसलं नाही, की मी बाटली खळखळून हलवते आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ते खडूसारखं पांढरं अँटासिड छोट्या कपात ओतून देते. चेहरा लगेच पडतो. "एवढंच?"

हो, कारण आत्ता जळतंय आणि आत्ताच थांबायला हवंय. पोटात आधीच साचलेलं आम्ल मारायचं काम हेच करतं, तेही काही मिनिटांत. पोट रिकामं असेल तर असर जेमतेम तासभर, म्हणून जोडीला मी बऱ्याचदा फॅमोटिडीन, म्हणजे आम्ल तयार होणं कमी करणारं औषध, देते. ते तासाभरात लागू पडतं आणि दहा-बारा तास पुरतं. पूर्वी त्या जागी सर्रास रॅनिटिडीन असायचं, पण त्यात एनडीएमए ही कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली आणि 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ते बाजारातून काढायला लावलं. किडनीचा आजार असेल तर मात्र मॅग्नेशियमवालं अँटासिड मी हातात घेत नाही.

आणि ज्याचं इंजेक्शन सगळे मागतात ते लाडकं पॅन्टोप्राझोल? औषध उत्तमच, पण ते आम्ल तयार करणारे पंप बंद करतं, तेही त्या वेळी चालू असलेलेच. पूर्ण परिणामाला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणून तर गोळी जेवणाआधी अर्धा तास आणि रोज घ्यायला सांगतो. शिरेतून दिल्याने साधी जळजळ जादूने पळत नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मीही ते लगेच चढवते.

कपातलं औषध पिऊन बरं वाटलं की पेशंट चपला शोधायला लागतो. पण अँटासिडने आराम पडला म्हणजे हृदय ठणठणीत, असं होत नाही. शंका असेल तर दुसरा ईसीजी आणि ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाला सोडत नाही.