आगोटीतले चेंडू

मिरग लागायच्या आत कोकणात आगोट भरून ठेवायची असते. सुकी मासळी, मीठ, सांडगी मिरची, चुलीची लाकडं. जुने गोल्फचे चेंडू जमवायचा नाद असलेल्याच्या घरी त्यात एक घट्ट झाकणाचा डबा वाढतो.

नाद विलायती खरा, पण वस्तू अगदीच परकी नाही. १८४८च्या सुमारास स्कॉटलंडात आलेला ‘गट्टी’ चेंडू गटापर्चाचा, म्हणजे मलायाकडच्या एका झाडाच्या चिकाचा. ते झाड चिकूच्या कुळातलं. बकूळ आणि मोह त्याच भावकीतले. पुढे रबरी दोरा गुंडाळलेल्या चेंडूंवर बलाटाचं कवच चढलं, तो चीक तर चिकूच्या सख्ख्या भावंडाचा. घोलवडचा हिरवा चिकू तोडल्यावर बोटांना जे चिकटतं, त्याच जातीचं हे प्रकरण.

गटापर्चा गरम पाण्यात मऊ पडतो, गार झाला की घट्ट. कारागिराची त्यावर सोय झाली. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत मात्र तोच चेंडू एका बाजूला बसतो. उजेड आणि हवा लागली की तो ठिसूळ होऊन तडकतो. पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतो. १८७० साली मुंबईहून एडनकडे समुद्रातून गेलेल्या तारेला त्याचंच वेष्टण होतं. समुद्राच्या तळाशी सुखरूप राहणारा हा प्राणी किनाऱ्यावरच्या खिडकीत मरतो! पण म्हणून चेंडू पाण्यात बुडवून ठेवू नका, वरचा रंग सुटेल. काळोख पुरे.

गट्टीच्या आधीचा पिसांचा चेंडू जास्त नाजूक. शिवलेल्या चामड्यात उकडलेली ओली पिसं ठासायची. सुकताना पिसं फुगतात, चामडं आवळतं, आणि त्या ओढाताणीतून कडकपणा येतो. पावसाळी दमट हवा हीच शिवण सैल करते, शिवाय आषाढात चपलांवर धरते ती बुरशी आहेच. खोबरेल चोळायचा मोह आवरावा. डब्यात सिलिका जेलची, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांची, पुडी घालावी, आत छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत हवा. खाली उतरला तर पुडी काढा, चामडं तडकेल. डांबरगोळ्या नकोत.

विकत घेताना वजनकाटा जवळ असू द्या. गट्टीवर २७ किंवा २८ आकडा दिसला तर ते पेनीवेट या जुन्या इंग्रजी मापातलं वजन: २७ म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. ताजा, चकचकीत रंग दिसला की हात आखडता घ्यावा. मूळ रंगाचे पोपडे परवडले.

१८९९ साली हॅस्केलला रबरी दोरा गुंडाळलेल्या चेंडूचं पेटंट मिळालं; त्यानंतरचे असे दोरावाले चेंडू कापून बघू नयेत. काहींच्या पोटात दाबाखालचं दाहक द्रव असतं, ते थेट डोळ्यांत उडतं.

पाऊस सरल्यावर अंगणात गाद्या उन्हाला पडतात, त्यांच्या शेजारी चेंडू मांडू नयेत. पडवीत, सावलीला, तासभर.