डाउनलोड्समधला पसारा

डाउनलोड्स हे फोल्डर म्हणजे दारातला चपलांचा ढीग, जो येतो तो तिथेच काढून ठेवतो. विजेचं बिल, प्रवासाचं तिकीट, कुणीतरी भरून मागितलेला फॉर्म, मग तोच फॉर्म कंसात १ लावून, मग कंसात २ लावून, कारण आधीचा शोधण्यापेक्षा परत डाउनलोड करणं सोपं वाटतं आणि ब्राउझर बिचारा जुन्या फाईलवर नवी न लिहिता इमानदारीत आकडा लावत बसतो. मधेच एखादी फाईल अशी असते की तिचं नाव नुसतं 'डॉक्युमेंट', ती कुणी पाठवली, कशासाठी, काही पत्ता नाही, आणि उघडून बघितली तरी कळत नाही, पण डिलीट करायला हात धजत नाही. लागली तर?

आवरायला बसलं की पहिला मोह होतो फोल्डर करायचा. घर, त्यात बँक, त्यात कर्ज, त्यात पावत्या, त्यात जुन्या पावत्या. करताना फार छान वाटतं, जणू अर्धं काम झालंच. पण कागद एकाच जागी राहू शकतो ना! गाडीच्या विम्याची पावती गाडीत टाकायची, विम्यात टाकायची का टॅक्समध्ये? आज विम्यात टाकणार आणि पुढच्या वर्षी गाडीत शोधणार, हे ठरलेलंच. शिवाय फोल्डरात फोल्डर घालत गेलं की फाईलचा अख्खा पत्ता लांबत जातो, आणि विंडोजमध्ये तो साधारण २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरेच प्रोग्राम अजूनही कुरकुर करतात. आणि सगळ्यात वाईट फोल्डर कुठलं म्हणाल तर 'इतर'. ते एकदा केलं की बाकीची ओस पडतात आणि सगळं गाव इतरमध्ये राहायला जातं.

माझं मत विचाराल तर फोल्डर थोडी करा, वर्षाला एक धरा, आणि काय सांगायचंय ते नावात लिहा. विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टीमच्या काळी नावाला ८ अक्षरं आणि शेपटीला, म्हणजे टिंबानंतरच्या भागाला, ३ एवढीच मुभा होती, तेव्हा लोक काहीबाही आखूड लिहायचे ते समजू शकतं, पण विंडोज ९५ पासून २५५ अक्षरांपर्यंत नाव देता येतं आणि तरी आपण 'स्कॅन०००३' वर समाधानी! सुरुवातीला तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस अशी, मग विषय, झालं. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतल्या सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र गोळा होतात, वर्ष आधी लिहिलं की फाईली आपोआप ओळीत उभ्या राहतात. ही पद्धत १९८८ सालच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये लिहून ठेवलीय. मधे तिरकी रेघ मात्र चालत नाही, विंडोज नावात ती घेतच नाही, आडवी रेघ द्यायची.

कागदांचं एक वेळ भागतं हो, फोटोंचं काय करायचं. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचं नाव म्हणजे चार अक्षरं आणि चार आकडे, ९९९९ झाले की परत १ पासून सुरू, त्यामुळे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो आणि दोन वेगळ्या नावांचा एकच फोटो, दोन्ही प्रकार घरात नांदतात. डुप्लिकेट शोधायची सॉफ्टवेअरं असतात, ती फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून एक हॅश, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढतात आणि हॅश जुळला की एकच फाईल म्हणून दाखवतात. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आला की तो दाबून लहान केलेला असतो, तेव्हा आपल्या डोळ्यांना सेम टू सेम आणि मशीनच्या लेखी अनोळखी. त्यात फोटो काढल्याची तारीख फाईलच्या पोटात एक्झिफ म्हणून असते, तीही या प्रवासात गळून जाते, आणि नावात जी तारीख दिसते ती फोटो आपल्याला आल्याची. म्हणजे काकांनी आपल्या लग्नाचा फोटो काल ग्रुपवर टाकला की कॉम्प्युटरच्या मते काकांचं लग्न काल झालं.

आणि कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरून घड्याळ रीसेट झालं असेल तर मग विचारूच नका. सहल, बारसं, साखरपुडा, सगळं एकाच १ जानेवारीला! अशा फोटोंना पुरावे शोधावे लागतात आणि खरं सांगू, सगळ्या आवराआवरीत मला आवडणारा भाग हाच. भाचीचे पुढचे दोन दात पडलेत, म्हणजे ती सहा-सात वर्षांची. मागे जुना पडदा आहे, म्हणजे रंगकामाच्या आधीचं. टेबलावर बटणांचा फोन दिसतोय. बाबांचा चष्मा अजून जाड काळ्या फ्रेमचा. एवढं सगळं जुळवून मी २००९ म्हणतो, तर आई स्वयंपाकघरातून फोटो न बघताच सांगते की २००८, कारण त्या वर्षी ती निळी साडी नवीन होती. ताई म्हणते साडी त्याच्या आधीची आहे.

अशा फोटोंसाठी एक युक्ती आहे, वर्ष तेवढं लिहायचं आणि महिना-दिवसाच्या जागी शून्यं द्यायची, म्हणजे तो त्या वर्षाच्या सगळ्यात वर जाऊन बसतो आणि शून्यं बघून कळतं की हे अंदाजपंचे आहे. त्या फोटोचं नाव सध्या '२००८-००-०० आई म्हणते' असं आहे. ताईला अजून दाखवलेलं नाही.