चौथ्या खुर्चीवरची टोपी

मी लाइटवाला, पण नाटकाचा नव्हे, मांडवाचा. लग्न, वरात, गणपती, आणि जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, स्टॉलची वायरिंग, वर्षाची मोठी कमाई तीच. त्यामुळं एका सरांचा फोन आला की छोटा प्रयोग आहे, लाइट करतोस का, तेव्हा पहिलं तोंडात आलं ते ‘गड्डा सोडून कसं येऊ सर’. मग त्यांनी तारीख सांगितली, १२ जानेवारी. १९३१ ला याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिली, हे सोलापुरात शाळेतच पाठ होतं, आणि चार पुतळा चौकातनं तर माझा टेम्पो रोज जातो. भावाला स्टॉलवर बसवलं आणि हो म्हणलो.

जागा बघितली तर खोलीच की हो ती. भिंती, छत, फरशी सगळं काळं, स्टेज नाही, पडदा नाही, विंग नाही, तीन बाजूंनी पन्नास-साठ प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधी नट. सर म्हणले याला ब्लॅक बॉक्स म्हणतात, इथं लाइट हाच पडदा. सहा एलईडी पार लाइट माझे, एक स्पॉट कुणाकडनं तरी मागून आणलेला, आणि लाइट कमी-जास्त करायच्या फेडरचा बोर्ड टेबलावर, प्रेक्षकांच्या मागच्या रांगेला चिकटून.

नाटक १९३० च्या मे महिन्याचं. गांधीजींना अटक, ८ तारखेचा गोळीबार, मग १२ मेपासून मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल. त्यात एक सीन असा की गोरा सोजीर, म्हणजे इंग्रज शिपाई, थेट प्रेक्षकांत घुसतो आणि एकाच्या डोक्यावरची गांधी टोपी ओढून काढतो. तो ‘एक’ म्हणजे आमचाच पोरगा, आधीपासनं पहिल्या रांगेत चौथ्या खुर्चीवर बसलेला. स्पॉट दुपारीच त्या खुर्चीवर फिक्स करून ठेवला होता, खुर्चीवर ‘राखीव’ असा कागदही चिकटवला होता.

क्यू आला. सगळं काळं केलं, तीन मोजले, स्पॉट टाकला. मला मागनं नुसती पांढरी टोपी दिसायली, म्हणजे बरोबरच की. सोजीर झालेला पोरगा एनसीसीचे बूट आपटत आला, “टोपी उतारो!” म्हणून वाकला आणि तिथंच थिजला. टोपीखाली आमचा पोरगा नव्हताच, सत्तरीचे एक आजोबा होते, आणि त्यांनी दोन्ही हातांनी टोपी गच्च धरली होती.

आमचा पोरगा भिंतीला टेकून उभा. त्याला यायला उशीर झाला, आजोबा बसलेले, आणि भिडस्त इतका की उठा म्हणवलं नाही. कागद त्यांच्याखाली दबलेला.

आता मी काय करायचं? लाइट काढली तर सीन मेला, ठेवली तर म्हातारा माणूस उजेडात सगळ्यांसमोर उघडा पडलेला. मांडवात बल्ब गेला तर शिडी लावतो, इथं कुठली शिडी लावणार? बोट फेडरवर तसंच राहिलं, घाम सुटला, जानेवारीत. सोजीर परत म्हणला, “टोपी उतारो”, पण आवाज निम्म्यावर आलेला, आणि आजोबा म्हणले, “न्हाई काढत. काय करणार हैस?”

कुणीतरी फिसकन हसलं. पण सोजीर खरंच गोंधळला होता आणि आजोबा खरंच सोडत नव्हते, हे दोन फुटांवर बसलेल्या लोकांना दिसत होतं ना, हसणं तिथंच थांबलं. एवढी शांतता की माझ्या डिमरची गुणगुण ऐकू यायली. शेवटी सोजीर एक पाऊल मागं सरकला, आणखी एक, आणि मी लाइट हळूहळू उतरवत गेलो, शेवटपर्यंत फक्त टोपी दिसेल अशी. असलं कुणी सांगितलं नव्हतं, हातानं आपोआप केलं. पुढचा फाशीचा सीन नीट झाला, पण खरं सांगू, त्यातलं मला फारसं आठवत नाही.

प्रयोग संपल्यावर सर माझ्याशी बोलेनात. मीच जाऊन आजोबांची माफी मागितली.

“ती लाइट तू टाकलास होय? डोळे दिपले की बे,” ते म्हणले. “आणि ते पोरगं खरंच नेतंय वाटलं. परवा धुऊन इस्तरी केलीय, सिद्धेश्वराच्या अक्षतेला घालायचीय मला.”

एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, बोटानं कड सरळ केली आणि परत घातली. तेवढ्यात भावाचा फोन, होम मैदानावर पाळण्याजवळची अख्खी माळ गेलीय, लवकर ये.