बैलाच्या पाठीवरचे छिद्र

आमच्या घरी शेती राहिली नाही आणि गोठाही नाही, तरी पोळ्यासाठी बाजारातून मातीच्या बैलांची जोडी आणण्याचे आजवर चुकलेले नाही. हे बैल कच्च्या मातीचे असतात. वरून रंग चढवलेला असला तरी ते भट्टीत गेलेले नसतात. गेल्या पोळ्याला पिशवीतच एकाचे शिंग निखळले, तेव्हा आईने बोट पाण्यात बुडवून ते जागच्या जागी चिकटवले. भाजलेल्या मातीला ही सोय नसते. तिचे ते ओले बोट पाहताना मला इनामगावचा बैल आठवला.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या त्या कामात ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरली जात त्या काळातील, शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव उजेडात आले. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल डबी होती. डबीत एक स्त्रीमूर्ती, वरच्या झाकणावर आणखी एक, पण बिनडोक्याची, आणि तिच्या सोबतीला बैल. काळ साधारण इ. स. पू. १३०० चा. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला छिद्र आहे, बैलाच्या पाठीवरही आहे. दोहोंत एक काडी बसवली की ती बाई बैलावर स्वार होते.

हे सारेच कच्च्या मातीचे आहे. जोर्वे नावाने ओळखली जाणारी त्या काळची भांडी इतकी खणखणीत भाजणाऱ्या लोकांना वीतभर बैल भाजता आला नसता, हे संभवत नाही. त्यांनी तो मुद्दाम कच्चा ठेवला असावा, म्हणजे तो टिकवण्यासाठी नव्हताच, एखाद्या विधीपुरता होता. दायमाबाद या महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्राचीन वसाहतीतला धातूचा बैलरथ पाहून माणसे थक्क होतात, आणि ते योग्यच आहे. पण माझे मन या पाण्याने विरघळू शकणाऱ्या बैलापाशीच घुटमळते.

बैल दिसला की आपण लगेच नांगर आणि पीक यांच्याकडे वळतो. इनामगावचा बैल मात्र कुणाच्या तरी खाली आहे, ते वाहन आहे, आणि म्हणून त्याचा अर्थ वर बसणारीला विचारायला हवा. ती अपत्यांची राखण करणारी देवी असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. मला ते पटते, कारण त्याच गावात मेलेली लहान मुले दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून घराच्याच जमिनीखाली पुरलेली आढळली आहेत, आणि अशी दफने थोडीथोडकी नाहीत. ज्या जमिनीवर चूल पेटत होती, तिच्याचखाली मूल होते आणि देवीची झाकण लावलेली डबीही होती. ती डबी पुरणाऱ्या बाईने काय मागितले असेल, याचा तर्क करायला फार विद्वत्ता लागू नये.

श्रावणी अमावास्येला आपल्याकडे पोळा असतो आणि पिठोरीही असते. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला मुलांच्या आयुष्यासाठी आईचे व्रत. यावरून इनामगावपर्यंत सरळ धागा ओढण्याचा मोह मला होतो, पण ते गाव इ. स. पू. ७०० च्या सुमारास ओस पडले आणि मधल्या काळात इतकी माणसे आली-गेली की असा धागा सलग राहिला असेल, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बैल आणि आई यांची जोडी लोकांना पुन्हा नव्यानेही सुचू शकते.

त्या संध्याकाळी आईने पिठोरीचे ताट डोक्यावरून मागे धरले आणि मागे न पाहता विचारले, "अतीत कोण?" म्हणजे अतिथी कोण. पन्नाशीला आलेला मी मागे उभा राहून माझे नाव सांगितले आणि ताट घेतले. पाटावरच्या बैलाचे शिंग एव्हाना वाळून पक्के झाले होते, फक्त किंचित बाहेर वळलेले.